केशरी कस्तूर कुठे चरतो

सहा वाजून चार मिनिटं. नर. चोचीत गोगलगाय. दगडावर तीनदा आपटली, मग गिळली.

·

तांदूळ वीस किलो, कांदे, रॉकेल, मीठ, टॉर्चचे सेल, मलेरियाच्या गोळ्या, खराटे दोन.

·

"पोतनीस बाईंना कस्तूर आणि कोंबडी यांतला फरक कळतो, एवढं मी लेखी द्यायला तयार आहे." शेवडे, व्यासपीठावरून. सभागृहात हशा. पहिल्या रांगेतले सगळ्यांत जास्त हसले.

·

पात्रिसला ताप. पाच दिवस. पाणी उकळून द्यायचं.

·

आईचं पत्र: तिथे एवढा समुद्र आहे तर बांगडा तरी मिळत असेल. शेवड्यांशी नीट वाग. वयाने मोठे आहेत.

·

शेवड्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. उजव्यात सुरुवात. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मी ओळखलं, आणि जपून ठेवलं.

मंगळवार

"पात्रिस, बाईंना विचार, मीठ संपलंय का."

"मी समोरच बसलेय, सर."

"पात्रिस, बाईंना सांग, मी तुला विचारतोय."

पात्रिस केरकेट्टाने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा शेवड्यांकडे, आणि मिठाची रिकामी बाटली दोन ताटांच्या बरोबर मध्ये ठेवली.

अंदमानात, मायाबंदरच्याही वर, एका बेटावर आम्ही तिघं होतो. वनखात्याची एक लाकडी खोली, पुढे पडवी, मागे चूल. डॉ. दिगंबर शेवडे एका पाखरामागे आठ वर्षं तिथे येत होते. मी, विशाखा पोतनीस, त्याच संस्थेतून, त्याच पाखरामागे, दोन वर्षं. पात्रिस रांचीकडून आणलेल्या मजुरांच्या तिसऱ्या पिढीतला, पन्नाशी ओलांडलेला. वाटाड्या तोच, स्वयंपाकी तोच. बोलायचा हिंदी, मी त्याचं बोलणं इथे माझ्या भाषेत लिहिते आहे. मला दीदी म्हणायचा.

पाखरू म्हणजे केशरी कस्तूर. साळुंकीएवढा. डोकं आणि पोट पिकल्या संत्र्याच्या रंगाचं, पाठ निळसर राखी. राहतो दाट झाडीत, गर्द सावलीत. खातो जमिनीवर: गांडुळं, गोगलगायी, किडे, पडलेली उंबरं.

सरकारने आम्हाला एकच प्रश्न विचारला होता. बेटाच्या पूर्वेकडच्या रानात नारळ लावायचे होते. मोठे वृक्ष ठेवणार, खालची झुडपं तोडणार, पालापाचोळा जाळणार. तर कस्तूर मोकळ्या जमिनीवर चरू शकतो का? हो की नाही. खाली दोघांच्या सह्या. गुरुवारच्या बोटीने पाठवा.

शेवडे म्हणत होते, नाही. मी म्हणत होते, हो.

शेवडे रानाच्या आत एका दगडावर चार-चार तास बसून राहायचे. समोर पाला. पाल्यात कधी एखादा कस्तूर येई, चोचीने पान उलटी, मान वाकडी करून ऐके, पुन्हा पान उलटी. मी असं बसत नसे. रानातून गेलेली सव्वा किलोमीटरची पायवाट मी रोज उजाडताना चालायचे आणि दोन्ही बाजूंचं पाखरू न् पाखरू टिपायचे.

"चारशे बारा," मी म्हणाले. "सगळे पायवाटेवर. उघड्या मातीवर. तुमचे आठ वर्षांत एकशे साठ."

"मी पाखरू बघतो, बाई. मोजणीला तलाठी असतात."

"मोजायला आधी दिसावं लागतं."

त्यांचा घास हातातच राहिला. "म्हणजे काय?"

"काल तुम्ही चहात साखरेऐवजी मीठ घातलंत. मीठ संपलं ते तसं."

"मग?"

"आणि प्यायलात, सर. अख्खा कप."

पात्रिस भांडी घेऊन मागच्या बाजूला निघून गेला. भांडी अजून रिकामी व्हायची होती.

 मग शेवडे, अकरा दिवसांत पहिल्यांदाच, माझ्याकडे वळून बोलले.

"तुमच्या त्या एका 'हो'वर पूर्वेकडचं रान जाईल. कळतंय का?"

"मला रानाबद्दल विचारलेलं नाही. पाखराबद्दल विचारलंय."

"पाखरू काय हवेत लोंबकळतं?"

"माझ्या पायवाटेवर चरतं. उद्या या. माझ्याबरोबर बसा, तुमच्या चष्म्याने नाही तर माझ्या दुर्बिणीने बघा. नाही दिसलं तर मी 'नाही' लिहिते."

"आणि दिसलं तर?"

"तर सही."

"तुम्हाला सही हवीय की माझं नाक जमिनीला घासलेलं हवंय?"

"कागदावर नाकाला जागा नाहीये, सर."

ते हसले. त्या हसण्यात प्रेम अजिबात नव्हतं. "पाचला उठवा," ते म्हणाले, आणि मीठ नसलेला भात संपवला.

बुधवार

पायवाटेच्या वळणावर गर्जन वृक्षाच्या एका आडव्या पडलेल्या खोडाशी आम्ही बसलो. मध्ये हातभर अंतर. त्यांच्या अंगाला निलगिरीच्या तेलाचा वास. माझ्या अंगाला कसला होता ते त्यांना विचारायला हवं.

"वाट फार स्वच्छ आहे," शेवडे कुजबुजले.

"पात्रिस झाडतो पहाटे. पाला वाजला की पाखरं उडतात."

"बरोबर. भीमाशंकरला आम्हीही झाडून घ्यायचो."

बस, एवढंच. दोन शिकलेली माणसं, दोघांच्या मिळून दहा वर्षांच्या नोंदी. यापलीकडे आम्ही काही बोललो नाही.

पाच बेचाळीसला पहिला आला. उड्या मारत, वाटेच्या कडेला साठलेल्या पाल्याच्या ढिगावरून उघड्या मातीवर. मान वाकडी केली. टोचलं. लांबलचक गांडूळ ताणून काढलं, इतकं ताणलं की ते तुटताना तो मागे कोलमडला. मग मादी. मग एका वेळी तिघे. एक तर शेवड्यांच्या बुटापासून दोन हातांवर येऊन थांबला. डोळ्याभोवतीची बारीक कडसुद्धा दिसत होती. त्याने बुटाच्या टोकाशी एक किडा टिपला आणि आमच्याकडे अगदी सावकाश पाठ फिरवली.

मी दुर्बीण पुढे केली. शेवड्यांनी ती हातानेच मागे सारली.

"लागत नाही," ते म्हणाले.

एका तासात सात. मी बोटं दुमडून मोजत होते, त्यांना दिसेल अशी.

खोलीवर परत आल्यावर त्यांनी अहवाल मागितला. पडवीत उकिडवे बसले, कागद डोळ्यांपासून चार बोटांवर धरला. आपल्या परिच्छेदावर, आठ वर्षांच्या निष्कर्षावर, वरपासून खालपर्यंत एक आडवी-तिडवी काट मारली. मग माझ्या परिच्छेदाखाली सही केली. सही ओळीच्या खाली घसरली होती.

"दिसलं ते दिसलं," ते म्हणाले.

मी म्हणाले, "थँक यू, सर."

"त्याची गरज नाही. तुम्ही बरोबर आहात. तुमचं बरोबर असणं मला आवडत नाही, तो वेगळा मुद्दा." त्यांनी पिशवी भरायला घेतली. "दुपारी ती मासेवाल्यांची डोंगी जातेय, मी तिच्यातून जातो. मायाबंदरला डॉक्टर आहे म्हणतात."

"मग हे पाकीट घेऊन जा ना. कार्यालय तिथेच आहे."

ते वळले. चष्मा काढून माझ्याकडे बघायचा प्रयत्न केला. "माझ्या हाताने ते रान नेऊन देऊ? तुम्ही द्या. उद्याच्या बोटीने द्या. तुमचं आहे."

डोंगी गेली. मी मोकळं हसले, एकटीच. आईने पाठवलेला चिवड्याचा शेवटचा डबा काढला आणि पडवीत पाय सोडून खाल्ला. पात्रिसलाही दिला.

"काय झालं, दीदी? कोण आलंय?"

"कुणी नाही. शेवडे सर हरले."

"काय हरले?"

"पाखरू."

पात्रिस चिवड्यातले शेंगदाणे वेगळे काढत होता. त्याला दात कमी होते. "पाखरू कसं हरतात?" त्याने विचारलं.  मला वाटलं हा प्रश्न नाही.

गुरुवार

बोटीला त्या आठवड्यात दोन बेटं जास्त करायची होती म्हणून ती साडेपाचलाच येणार होती. पाकीट चिकटवून, दोरा बांधून तयार होतं. मला शेवटचं एकदा वाट बघायची होती, वही न घेता. पाचलाच निघाले. एरवी मी चहा घेऊन निघायचे तोवर पात्रिस झाडून परतलेला असायचा. त्या दिवशी तो अजून रानातच होता.

फटफटायला लागलं होतं. आधी खराट्याचा आवाज आला. खर्र, खर्र, थांबा. खर्र, खर्र, थांबा. वळणावर आले तर पात्रिस वाकलेला, पाठमोरा, रात्रभरात पडलेला पाला दोन्ही कडांना लोटत चाललेला. आणि त्याच्या मागे, दोन पावलांवर, कस्तूर.

एक नाही. सहा होते, की सात. कोंबडीमागे पिल्लं चालतात तसे. तो एक फटकारा मारी, ओली माती उघडी पडे, तो पुढे सरके, आणि ते त्या मातीवर तुटून पडत. एक मोठी गोम वळवळत निघाली. पात्रिसने ती खराट्याच्या टोकाने मागे उडवली. न बघता. सवयीने. दोन नर तिच्यावरून भांडले.

"पात्रिस."

पाखरं भुर्रकन कडेला गेली. तो सरळ झाला, कमरेवर हात ठेवून. "आज लवकर, दीदी?"

"हे रोज असे येतात?"

"खराटा वाजला की येतात."

"मी येते तेव्हा?"

"तेव्हा उरलेलं टिपत असतात. ढिगातलं." तो मजेत होता. "पहिल्या वर्षी घाबरायचे. आता तर हा एक आहे, लंगडा, तो पायावर चढतो."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तुम्हीच तर झाडायला सांगितलंत." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "त्यांना बोलवायला ना?"

मी कडेच्या ढिगातला पाला बुटाने उलटला.

"आधी डुकरांमागे जायचे," तो म्हणाला. "माझ्या लहानपणी इथे रानडुकरं पुष्कळ. डुक्कर पाला उकरतं, हे मागून खातात. डुकरं या बाजूला संपली. मग मी आलो." स्वतःच्याच बोलण्यावर तो हसला.

"पात्रिस, नीट ऐक. वाट मोकळी आहे म्हणून ते येतात, असं नाही का होणार? उघड्या मातीवर खाणं दिसतं म्हणून?"

"उघड्या मातीवर काय असतं?" त्याने खराट्याच्या दांड्याने खोलीपुढचं अंगण दाखवल्यासारखं केलं, झाडांच्या पलीकडे. "अंगण बघा ना. दोन वर्षं उघडं आहे. एक तरी कस्तूर आला तिथे? पाला हलतो म्हणून येतात, दीदी. पाल्याखाली ओल असते, ओलीत किडा असतो. पालाच नसला तर मी काय माती झाडून माती खायला घालू?"

·

नोंदवही, डिसेंबर.

१४: शून्य.
१५: शून्य. वारा?
१६: शून्य. वारा.
१७: शून्य. वारा.
१८: शून्य.

खाली, माझ्याच अक्षरात: हवामान प्रतिकूल. हे पाच दिवस हिशेबात धरू नयेत.

वारा होता की नव्हता, आठवत नाही. पात्रिस त्या पाच दिवसांत पांघरूण घेऊन पडला होता. पाणी मी उकळत होते. वाट कुणी झाडत नव्हतं.

·

"शेवडे सरांना हे माहीत आहे?" मी विचारलं.

"ते माझ्याशी फक्त मिठाबद्दल बोलतात."

"मग सांगू नकोस."

तो खराट्याचे हीर एकसारखे करायला लागला. हातावर आपटून, एकेक. "पाखराबद्दल खोटं बोलायचं?"

"खोटं नाही. विचारलं नाही तर सांगायचं नाही. एवढंच."

"आणि विचारलं तर?"

"कोण विचारणार आहे तुला?"

हे मी ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मला ओळखीचा होता. सभागृहातला होता.

 पात्रिसने खराटा झाडाला टेकवला. वाट अजून अर्धी व्हायची होती. कडेच्या पाल्यात पाखरं कुजबुजल्यासारखी खसफस करत होती, वाट बघत.

"पुढचं झाडायचं का, मॅडम?"

दोन वर्षांत त्याने मला पहिल्यांदा मॅडम म्हटलं. नंतर कधी दीदी म्हटलं नाही.

"नको," मी म्हणाले. "आता गरज नाही."

खोलीवर आले. पाकीट टेबलावर होतं. दोऱ्याची गाठ मीच मारली होती, सुटायला सोपी. अहवालाच्या आत शेवड्यांची घसरलेली सही होती आणि वर त्यांनी स्वतःच्या आठ वर्षांवर मारलेली काट. ते पान काढलं असतं तर मला त्यांना एक पत्र लिहावं लागलं असतं. त्या पत्राची पहिली ओळ मी मनात लिहून पाहिली. 'आदरणीय शेवडे सर, तुमचं बरोबर होतं.' पुन्हा लिहिली. 'तुमचं बरोबर होतं' इथपर्यंत हात जात नव्हता. हातात तर पेनही नव्हतं.

पाकीट मी बोटीच्या तांडेलाच्या हातात दिलं.

·

पूर्वेकडची झुडपं वर्षभरात गेली. पाला जाळला तेव्हा धूर शेजारच्या बेटावरूनही दिसायचा म्हणतात. नारळ चांगले आले. तीन वर्षांनी संस्थेचा दुसरा गट मोजणीला गेला. पूर्वेकडे कस्तूर शून्य, असं त्यांनी लिहिलं. कारणाच्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ मारली होती. तो कागद माझ्याच टेबलावरून पुढे गेला, कारण तोवर मी विभागप्रमुख झाले होते.

·

शेवडे मला नऊ वर्षांनी भेटले, पुण्यात, कुणाच्या तरी व्याख्यानानंतर, चहाच्या टेबलापाशी. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली. माझ्याकडे सरळ बघत आले. इतक्या सरळ त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.

"साखर ही इकडची ना?" त्यांनी विचारलं.

"हो, सर."

"खात्री करून घेतलेली बरी." दोन चमचे घातले. "मागच्या महिन्यात बेटावर जाऊन आलो. पात्रिस भेटला. म्हातारा झालाय. मी त्याला विचारलं."

"काय विचारलंत?"

"हेच, की त्या सकाळी सात कस्तूर माझ्या बुटापाशी चरत होते, मग आता गेले कुठे? मी डोळ्यांनी बघितलं होतं. आणि माझ्या तेव्हाच्या डोळ्यांनी बघितलं म्हणजे फारच जवळ असणार." ते चहा ढवळत राहिले. "मग त्याने खराट्याचं सांगितलं."

आजूबाजूला लोक बशा वाजवत होते. कुणीतरी मला नमस्कार केला, मी केला की नाही आठवत नाही.

"मीही बघितली होती ती झाडलेली वाट," शेवडे म्हणाले. "मलाही सुचलं नाही. भीमाशंकरचं कौतुक सांगत बसलो. अर्धी चूक माझी आहे, बाई. हे मला तुम्हाला सांगायचं होतं, म्हणून आलो. नाही तर या व्याख्यानाला कोण येतंय?"

मी मान हलवली.

"तुम्हाला कधी कळलं?"

"गुरुवारी. पहाटे."

"ज्या दिवशी पाकीट गेलं?"

"हो. पण बोट धक्क्याला लागलेलीच होती, सर. पाकीट फोडायला, पुन्हा लिहायला वेळच नव्हता. नंतर पत्र लिहिणार होते, पण तोवर..."

"हं." त्यांनी कप खाली ठेवला. नऊ वर्षं मनात धरलेलं काहीतरी त्यांच्या खांद्यांवरून उतरलेलं मला दिसलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, तोही पहिल्यांदाच. "मग तुमचा काय इलाज? बोट काय, तुमच्यासाठी थांबणार होती?"

"नाही, सर."

"तेच. उगाच मनाला लावून घेऊ नका."

ते गेले. दारापाशी एका मुलीने त्यांना आधाराला हात पुढे केला. त्यांनी तिला थांबवलं आणि पायऱ्या एकट्याने उतरले, एकेक नीट बघून.

त्या गुरुवारी साडेपाचची बोट आठ वाजून दहा मिनिटांनी आली.